उषा हे नाव जुनं म्हणून सोडून देताय तर जरा थांबा

आमच्या फॅमिली ग्रुपवर सध्या दुसरा विषयच नाही, भावाच्या मुलाला मुलगी झालीये, बारसं अजून व्हायचंय आणि रोज सकाळी उठल्यापासून नावं पडतायत, कियारा, मायरा, शनाया, आन्वी, एकेकाला कुठून कुठून सुचतात देव जाणे. मी एकच नाव टाकलं, उषा. त्यावर एक हसरा इमोजी आला आणि मग भाच्याचं उत्तर, "आत्या, छान आहे पण खूप जुनं वाटतं गं." त्याच्यावर राग बिलकुल नाही, त्यांच्या लेकीचं नाव त्यांनीच ठरवायचं. पण ते "जुनं" मात्र डोक्यातून जाईना, आणि ग्रुपवर एवढं मोठं टाईप केलं तर कोणी वाचणार नाही म्हणून इथे लिहितेय.

आधी हे कबूल की उषा नावाची एक अख्खी पिढी आपल्याकडे आहे आणि ती आता सत्तरीच्या पुढे गेलीये. आमच्या ठाण्यात नौपाड्यात, चरईत, पाचपाखाडीत कुठल्याही जुन्या बिल्डिंगमध्ये जा आणि खालून "उषाताई" म्हणून हाक मारा, दोन खिडक्या तरी उघडतील. उषाकाकू, उषामावशी, उषावहिनी, शाळेत उषाबाई, आणि घरोघरी शिलाई मशीन ते पण उषाच, काळ्या अंगावर सोनेरी अक्षरं. आणि बहिणींची नावं जोडीने ठेवायची तेव्हा फॅशन होती त्यात उषा-निशा ही जोडी कितीतरी घरात सापडायची. ही जोडी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझ्या आईचं माहेरचं नाव उषा. पण तुम्ही तिच्या रेशनकार्डावर बघाल तर तिथे अलका आहे, कारण लग्नात ताम्हणात तांदूळ पसरून अंगठीने नवीन नाव लिहिलं गेलं आणि त्या दिवसापासून उषा संपली. का बदललं तर सासरी आधीच एक उषा होती, माझी मोठी आत्या, आणि एका घरात दोन उषा कशा चालतील, हाक मारताना घोळ होणार, म्हणून नवीन आलेल्या मुलीचं नाव काढून ठेवलं. कोणी विचारलं पण नाही तिला. ती त्याबद्दल कधी तक्रार करत नाही, त्या काळात सगळ्यांचंच व्हायचं म्हणते, पण मामाचा फोन आला की तो अजूनही "उषे" म्हणून सुरुवात करतो आणि ते ऐकताना आईचा आवाज वेगळाच होतो, एकदम मोकळा, मुलीसारखा. मला ते नाव घरात परत यावं असं मनापासून वाटतं आणि हे सगळं लिहायचं खरं कारण तेच आहे.

आता अर्थाकडे येऊ. बाळाच्या नावांच्या कुठल्याही अ‍ॅपवर उषा टाकलं की समोर एक शब्द येतो, पहाट. चूक नाही पण एवढ्यावर थांबणं म्हणजे अन्याय आहे. गंमत म्हणजे आपण मराठीत पहाटेला उषा म्हणतच नाही. आपण म्हणतो तांबडं फुटलं, झुंजूमुंजू झालं, फटफटलं, उजाडलं, रामप्रहर. आजी कधी "उषा झाली, उठा" असं म्हणालेली आठवतंय का? उषा आपल्याकडे फक्त बाईच्या नावात उरली, आणि दोन जोडशब्दांत, एक उषःकाल आणि दुसरं उषःपान, म्हणजे पहाटे उठून रिकाम्या पोटी पाणी पिणं, जे आमच्या आजोबांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. या दोन्ही शब्दांत मधे विसर्ग का येतो हे मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. तर मूळ शब्द उषस् आहे, शेवटी स्, त्याचा जोडशब्दात विसर्ग झाला, आणि एकटा वापरताना पुढे तो उषा झाला. धातू वस्, उजळणे या अर्थाचा, त्याचं रूप होतं उच्छति. यास्काचार्यांच्या निरुक्तात, म्हणजे वेदातल्या शब्दांची फोड सांगणाऱ्या जुन्या ग्रंथात, उषा का म्हणायचं याचं उत्तर असंच दिलंय, उजळते म्हणून, आणि पुढे म्हटलंय की हा रात्रीचाच मागचा भाग आहे. म्हणजे सूर्य उगवल्यानंतरची सकाळ ती उषा नाही. सूर्य अजून वर आलेला नाही, अंधार आहे पण फाटायला लागलाय, ती वेळ.

आणि ही वेळ ऋग्वेदात चक्क एक मुलगी आहे. तिच्या एकटीवर वीसेक सूक्तं, म्हणजे स्तुतीच्या कविता, आहेत, आणि बाकी सूक्तांत उल्लेख येतात ते वेगळेच. वेदातल्या देवता मोजल्या तर स्त्रिया तशा कमीच, त्यात एवढा मान दुसऱ्या कुठल्याच देवीला नाही. सरस्वती आहे, अदिती आहे, पृथ्वी आहे, पण सूक्तं मोजायला बसलात तर उषा सगळ्यांच्या पुढे. तिला म्हणतात दिवो दुहिता, आकाशाची लेक. लालसर गाई किंवा घोडे जोडलेल्या रथातून येते (आपलं तांबडं फुटणं आठवा), नाचणाऱ्या मुलीसारखी नटून येते, आणि सूर्य तिच्या मागून येतो, तरुण मुलगा मुलीच्या मागे जातो तसा, असं सरळ लिहिलंय, पहिल्या मंडलातल्या (म्हणजे ऋग्वेदाच्या पहिल्या भागातल्या) ११५ व्या सूक्तात. एवढं मोकळं वर्णन वाचून मी पहिल्यांदा दचकलेच होते, वेद म्हणजे काहीतरी गंभीर आणि फक्त यज्ञाचं अशीच समजूत होती ना.

मला सगळ्यात आवडतं ते ११३ वं सूक्त, पहिलंच मंडल. त्यात असं आहे की उषा सगळ्यांना उठवते, कोणाला सत्तेसाठी, कोणाला नाव कमवायला, आणि कोणाला नुसतं आपापल्या कामाला जायला. हे वाचताना माझ्या डोळ्यासमोर दुसरं काहीच येत नाही, ठाणे स्टेशनच येतं. पहाटेच्या लोकलला उभं राहून बघा कधीतरी, भाज्यांचे हारे घेऊन बायका, नाइट शिफ्ट करून परत येणारे, सिक्युरिटीवाले, वाशी-पनवेलची ट्रान्स हार्बर पकडायला धावणारी मुलं, फुलवाल्या, आणि कळव्याच्या बाजूला पारसिकच्या डोंगरामागे आकाश हळूहळू लाल होत असतं. त्या डोंगराच्या वर सूर्य यायला अजून वेळ असतो पण स्टेशन पूर्ण जागं असतं. १८५३ साली पहिली गाडी बोरीबंदरहून निघून ठाण्यालाच आली, तेव्हापासून हे गाव पहाटे उठून कामाला निघतंय. कामाला जाणाऱ्या साध्या माणसांची आठवण वेदातल्या कवीने राजाबरोबर एकाच ओळीत ठेवली हे मला फार मोठं वाटतं. आणि जे कंजूष आहेत, देत नाहीत कोणाला काही, त्यांना झोपू दे, त्यांना उठवू नकोस, असंही उषेला सांगितलंय चौथ्या मंडलात.

आता ती उषा-निशा जोडी. वेदात उषेची सख्खी बहीण म्हणजे रात्र. दोघींचं मिळून एकच जोडनाव आहे, नक्तोषासा, कधी उलट करून उषासानक्ता. ११३ व्या सूक्तात म्हटलंय की या दोघी बहिणींचा रस्ता एकच आहे आणि त्याला शेवट नाही, रंग वेगळे पण मन एक, त्या भांडत नाहीत आणि थांबत पण नाहीत. दहाव्या मंडलात रात्रीसूक्त आहे त्यात शेवटाकडे उषेला विनवणी आहे की हा अंधार माझ्यावर चढलाय, कर्ज फेडावं तसा तो फेडून टाक. कर्ज! तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला पण कर्ज आणि अंधार एकत्र आठवला. म्हणजे १९५० सालच्या आसपास कोणीतरी वडील दोन मुलींची नावं उषा आणि निशा ठेवत होते तेव्हा त्यांना माहीत असो नसो, ती जोडी थेट ऋग्वेदातली होती. आईच्या माहेरी पण तेच, धाकटी मावशी निशा, आणि तिचं नाव मात्र लग्नात बदललं नाही कारण तिच्या सासरी दुसरी निशा नव्हती!

आणि "जुनं" या शब्दाचं उत्तर पण तिथेच सापडलं मला. तिसऱ्या मंडलातलं ६१ वं सूक्त, पहिलाच मंत्र, त्यात उषेला म्हटलंय "पुराणी देवि युवतिः". जुनी आणि तरुण, लागोपाठ. त्या कवींच्या काळात पण ती जुनीच होती, त्यांच्याही आज्या-पणज्यांनी तिला पाहिलेलं होतं, तरी रोज सकाळी कोरी. पहिल्या मंडलातल्या ९२ व्या सूक्तात "पुनःपुनर्जायमाना पुराणी" असं आहे, परत परत जन्म घेणारी, पुरातन. मी हे ग्रुपवर टाकलं तेव्हा भाच्याने अंगठा दिला, नाव फायनल नाही झालं पण विषय संपला पण नाही.

९२ व्या सूक्तातल्या त्याच मंत्रात पुढे एक ओळ आहे ती जरा कठोर आहे आणि नावांच्या यादीत ती कोणी सांगत नाही. उषा रोज येते आणि येता येता माणसाचं आयुष्य झिजवते. प्रत्येक पहाट म्हणजे आपला एक दिवस कमी. आणि ११३ व्या सूक्तात असंही आहे की ज्यांनी आधीच्या पहाटा पाहिल्या ती माणसं गेली, आता आपण पाहतोय, पुढच्या पाहणारे येतायत. नातीचं नाव ठेवताना असं कशाला आठवायचं म्हणाल, पण मला ते वाईट वाटत नाही, उलट नावात एवढं खरं असणं मला चांगलं वाटतं. ग्रीकांची उषा आहे ईऑस, तिच्या गोष्टीत पण हाच धागा आहे बघा, तिने आपल्या नवऱ्यासाठी अमरपण मागितलं पण तारुण्य मागायला विसरली, तो तिथोनस म्हातारा होतच राहिला आणि मरेना. ती मात्र रोज तरुण.

ईऑस, रोमन लोकांची अरोरा आणि आपली उषस्, ही तिन्ही नावं एकाच मुळातून निघालेली आहेत हे भाषेचे अभ्यासक कधीच मान्य करून बसलेत. लिथुएनियात आजही मुलींचं नाव आउश्रा असतं, अर्थ पहाट, तेच मूळ. इंग्रजीतला ईस्ट सुद्धा त्याच कुळातला, जिकडून पहाट होते ती दिशा. आणि एवढं लांब जायची पण गरज नाही, आपल्या टेंभी नाक्याच्या पारशी अग्यारीपर्यंत चालत जा. पारशी लोक दिवसाचे पाच गाह, म्हणजे प्रहर, मानतात, त्यात मध्यरात्रीनंतर उजाडेपर्यंतचा जो गाह त्याचं नाव उशहीन, कारण अवेस्तातला, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथातला, पहाटेचा शब्द उशह्, आपल्या उषस्चा सख्खा भाऊ. म्हणजे ठाण्याच्या एकाच नाक्यावर दोन धर्मांत ती एकाच नावाने राहतेय, फक्त तिथून जाताना आपल्याला रिक्षाची चिंता असते.

लोकमान्य टिळकांना तर या उषेने वेगळ्याच प्रवासाला नेलं होतं. वेदात उषा अनेकवचनात येते, यजुर्वेदाच्या तैत्तिरीय संहितेत तीस उषा म्हणजे तीस बहिणी येतात, आणि ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात असं वर्णन आहे की सूर्य उगवायच्या आधी पुष्कळ दिवस पहाटच होती. एवढी लांब पहाट हिंदुस्थानात कुठे दिसणार, ती दिसते उत्तर ध्रुवाजवळ, तिथे महिना-दोन महिने उजेड नुसता क्षितिजावर फिरत राहतो, म्हणून आर्यांचं मूळ घर तिकडे असावं असा त्यांनी तर्क मांडला, १९०३ साली त्यांचं 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' छापून आलं. आजचे अभ्यासक तो निष्कर्ष मानत नाहीत, आणि मलाही तो पटत नाही, पण एका माणसाने राजकारणाच्या धबडग्यात बसून उषेची एकेक ऋचा तपासली, ती किती वेळ टिकते हे मोजायचा प्रयत्न केला, हे वाचून त्यांच्याबद्दलचा आदर वाढतोच.

पण आपल्या आज्यांना उषा आठवायची ती बहुतेक वेदातली नाही, पुराणातली. बाणासुराची मुलगी. भागवताच्या दहाव्या स्कंधात ही गोष्ट आहे, हरिवंशात आहे, विष्णुपुराणात आहे. शोणितपूरचा राजा बाणासुर, शंकराचा मोठा भक्त, त्याच्या लेकीला स्वप्नात एक तरुण दिसतो आणि जाग आल्यावर ती कासावीस होते. तिची मैत्रीण चित्रलेखा, प्रधानाची मुलगी, ती एकेका राजपुत्राचं चित्र काढत जाते, हा का, हा का, असं करत करत कृष्णाचा नातू अनिरुद्ध काढते आणि उषा लाजून मान खाली घालते. मग चित्रलेखा योगविद्येने द्वारकेला जाऊन झोपलेल्या अनिरुद्धाला उचलूनच आणते. बाकी युद्ध वगैरे, कृष्ण येतो, शंकर बाणासुराच्या बाजूने उभे राहतात, शेवटी लग्न. आपल्याकडे नायक मुलीला पळवून नेतो अशा गोष्टी खूप, इथे मुलीने मुलाला आणवलंय, हे मला लहानपणी पण भारी वाटायचं. आणि चित्रलेखा! पाहिलेलं नाही, फक्त ऐकून चित्र काढणारी. शोणितपूर म्हणजे आसाममधलं तेजपूर असं तिकडचे लोक मानतात, तेज म्हणजे आसामीत रक्त, शोणित म्हणजे पण रक्त, आणि तिथे अग्निगड नावाची टेकडी दाखवतात जिथे उषेला आगीच्या कोटात ठेवलं होतं म्हणे. उत्तराखंडातलं उखीमठ, जिथे हिवाळ्यात केदारनाथाची पूजा होते, ते पण मूळचं उषामठ असं तिथे सांगतात.

गुजरातेत हीच उषा ओखा झाली. सतराव्या शतकातल्या प्रेमानंद कवीचं ओखाहरण हे आख्यान तिकडे चैत्रात घरोघर वाचतात, आमच्या मजल्यावरच्या गुजराती बेनकडून मी ते पहिल्यांदा ऐकलं, त्या चाल लावून म्हणतात आणि मधेच थांबून अर्थ सांगतात. आणि संगीतरत्नाकर नावाच्या ग्रंथात एक परंपरा दिलीय ती तर अफलातून आहे, पार्वतीने लास्य नाच शिकवला तो बाणाच्या मुलीला, उषेला. उषा लग्न होऊन द्वारकेला गेली, तिने तिथल्या गोपींना शिकवला, गोपींनी सौराष्ट्रातल्या बायकांना, आणि तिथून तो देशोदेशी पसरला. गुजराती मंडळी गरब्याचं मूळ इथे जोडतात. नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीला एवढी गर्दी, गावभर मैदानांत गरबा, आणि त्या गोल फिरणाऱ्या मुलींच्या पायात जो ताल आहे त्याच्या मुळाशी परंपरेने एक सासरी आलेली मुलगी ठेवलीये जिने माहेरहून नाच नेला. तिचं नाव मात्र कोणी बदललं नाही. माझ्या आईसाठी हे मला परत परत लिहावंसं वाटतं.

देवळात उषा फारशी भेटत नाही, वेद मागे पडल्यावर तिची पूजा कमी झाली. तरी जुन्या सूर्यमूर्ती नीट बघितल्या तर दोन्ही बाजूंना धनुष्य ओढलेल्या दोन छोट्या बायका दिसतात, उषा आणि प्रत्युषा, अंधारावर बाण सोडतायत. आणि छठपूजेला बिहारी लोक शेवटच्या दिवशी पहाटे पाण्यात उभं राहून उगवत्या सूर्याला जे अर्घ्य देतात त्याला उषा अर्घ्यच म्हणतात. ठाण्यात उपवनला छठला केवढी गर्दी होते, कधी पहाटे जाऊन बघा, थंडीत कमरेएवढ्या पाण्यात बायका उभ्या असतात आणि सगळ्यांचे डोळे एकाच दिशेला.

माणसांमधल्या उषांबद्दल पण सांगायलाच पाहिजे. पहिली उषा मेहता. १९४२, चले जाव, सगळे मोठे नेते तुरुंगात, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, आणि २२ वर्षांची ही मुलगी मुंबईत चोरून रेडिओ चालवते, काँग्रेस रेडिओ, ४२.३४ मीटरवर, हिंदुस्थानातून कुठूनतरी बोलतोय अशी घोषणा करून. पोलिसांच्या गाड्या माग काढत फिरायच्या म्हणून जागा बदलत राहायचे. ऑगस्टपासून १२ नोव्हेंबरपर्यंत चाललं, मग पकडल्या गेल्या, साथीदारांची नावं सांगितली नाहीत, येरवड्यात शिक्षा भोगली, १९४६ ला सुटल्या. पुढे मुंबईत राज्यशास्त्र शिकवत राहिल्या, १९९८ ला पद्मविभूषण. अंधारात बसून उजाडेल असं सांगणारा आवाज, आणि नाव उषा. ठरवून ठेवलं असतं तरी एवढं जमलं नसतं.

दुसरी पी. टी. उषा. १९८४, लॉस एंजेलिस, ४०० मीटर हर्डल्स, बायकांची ही शर्यत ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच होत होती. उषाची वेळ ५५.४२ सेकंद, ब्राँझवालीची ५५.४१. एक शतांश सेकंद! आई अजून त्यावर हळहळते, जसं काही घरचीच मुलगी. दोन वर्षांनी सोलच्या एशियाडमध्ये चार सुवर्ण आणि एक रौप्य घेऊन आली तेव्हा आईने चाळीत पेढे वाटले होते. आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली, पी. टी. म्हणजे पिलावुळ्ळकंडी तेक्केपरंबिल, केरळातल्या पद्धतीप्रमाणे ते घराचं नाव. ना बापाचं नाव, ना नवऱ्याचं आडनाव, शेवटी फक्त उषा, लग्नाआधी तेच आणि लग्नानंतर तेच.

आपल्या मराठीत तर यादी मोठी आहे. वसईत जन्मलेल्या उषा मराठे पडद्यावर उषाकिरण झाल्या, पुढे मुंबईच्या शेरीफ पण झाल्या. उषा मंगेशकर, त्यांची लावणी ऐकली की समजतं की मंगेशकरांच्या घरात एवढ्या मोठ्या दोन आवाजांच्या शेजारी पण स्वतःचा सूर सापडू शकतो. उषा चव्हाण, उषा नाडकर्णी. एकीचा चेहरा दुसरीसारखा नाही, एकीचं काम दुसरीसारखं नाही. जुनं नाव म्हणजे एकाच साच्यातली बाई असं वाटत असेल तर ही चार नावं पुरेत.

आता मुख्य गोष्ट, जी मी भाच्याला फोन करून सांगितली. त्यांच्या शॉर्टलिस्टमध्ये अहना आहे. अ‍ॅपवर अर्थ दिलाय आतला प्रकाश वगैरे, मॉडर्न आहे, छोटं आहे, फॉरेनमध्ये पण चालेल. तर वेदातले कठीण शब्द गोळा करून ठेवलेली एक फार जुनी यादी आहे, निघंटु, त्याच यादीवर यास्कांनी निरुक्त लिहिलं. त्यात उषेची १६ नावं दिलीयेत आणि त्यातलं एक आहे अहना. ऋग्वेदात आहे, पहिलं मंडल, १२३ वं सूक्त, अहना घराघरात जाते असं. म्हणजे उषा जुनी म्हणून नको आणि अहना नवी म्हणून हवी, आणि दोघी एकच! भाचा दोन मिनिटं गप्प होता. मग म्हणाला, "मग आजीला आवडेल का गं अहना?" आईला विचारलं तर ती म्हणाली नाव काहीही ठेवा, फक्त मोठेपणी कोणी बदलू नका.

त्या सोळा नावांत अजून बरीच चांगली आहेत, आणि सध्या नाव शोधणाऱ्या कोणालाही उपयोगी पडतील म्हणून सांगते. विभावरी त्यातलंच, आपल्याकडे ते पुढे रात्रीचं नाव झालं पण वेदात ती उषा आहे, झळाळणारी, म्हणजे दोन्ही बहिणींनी एकच नाव वाटून घेतलं. भास्वती सुंदर आहे, बंगाली लोक ठेवतात, आपण का नाही? अरुषी, हे हल्ली आरुषी म्हणून खूप ऐकू येतं, मूळ अर्थ तांबूस, ऱ्हस्व अ ठेवला तर मूळ रूप राहील. द्योतना मी कोणाचं ऐकलेलं नाही आणि मला ते फार आवडलंय, म्हणायला जरा जोड लागतो पण ज्योत्स्ना म्हणतोच की आपण. सूनृता, म्हणजे गोड आणि खरं बोलणं, हे पण उषेचंच, बोलायला लागणाऱ्या मुलीसाठी याहून चांगलं काय. श्वेत्या आणि अर्जुनी दोन्हींचा अर्थ पांढरी, उजळ, मला रंगावरून नाव ठेवणं फारसं पटत नाही म्हणून मी ती सुचवली नाहीत. वाजिनीवती आणि चित्रामघा शाळेच्या हजेरीत बिचारीला त्रास देतील. ओदती पण राहू दे.

बारसं येत्या रविवारी आहे, घोडबंदर रोडला भावाच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. काल रात्रीपर्यंत लिस्टवर तीन नावं उरली होती, अहना, भास्वती आणि उषा, आणि तिसरं मी नाही टाकलेलं, सूनबाईने स्वतःहून टाकलंय.